पंक्चरवाल्याच्या छातीतली चीर

आमच्याकडे नवीन आलेली इकोवाली पोरगी त्या दिवशी फुशारक्या मारत होती. तासात सात पेशंट उरकले म्हणे. इको म्हणजे छातीला जेल लावायचं, मशीनची मूठ फिरवायची आणि पडद्यावर आतलं हृदय हलताना बघायचं. मी दवाखान्यात आया. वीस वर्षं लाद्या पुसतेय. मला इकोतलं काही कळत नाही. पण तासात सात खोल्या पुसल्या तर कोपरे राहतात, एवढं कळतं. तसं तिला तोंडावर म्हटलं. ती हसली.

रात्री अकरानंतर वॉर्ड निजला की आम्ही मागच्या बाजूला ड्रायव्हरकाकांच्या खोलीत चहाला जमतो. त्या रात्री दोन सिस्टर होत्या, ही पोरगी होती, मी होते. काकांना रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत. कुणाला चार शब्द शिकवायला जाणारा माणूस नाही तो. पण पोरीचं 'सात पेशंट' परत सुरू झालं तसा त्यांनी कप खाली ठेवला.

"बस गं," म्हणाले. "एक सांगतो. घडलेलं आहे. ज्याच्यावर बेतलं तो तुझ्याच खुर्चीत बसायचा."

पुढचं सगळं काकांच्या तोंडचं आहे.

*

तुझ्या आधीच्याच्याही आधी इथं एक इकोवाला होता. तीस-बत्तीसचा. जाड चष्मा. तोंडावर आम्ही साहेब म्हणायचो आणि पाठीमागे चष्म्या. माणूस वाईट नव्हता. हात साफ होता, डोकं चालायचं. एकच खोड. भरभर. जेवण भरभर, बोलणं भरभर, काम भरभर.

डिसेंबर होता. दुसरा मंगळवार. तारीख विचारशील तर तीही सांगेन, पण कशाला.

रात्री बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी इथं, ह्याच खाटेवर, कांबळं ओढून पडलेलो. दारावर थाप. बघतो तर चष्म्या. एका हातात इकोची पेटी. ती लहानी, सुटकेससारखी, बॅटरीवर चालते ती.

"काका, व्हॅन काढा. एका पेशंटला घरून आणायचंय."

"आत्ता? ॲम्ब्युलन्सला सांगा की."

"ती बाहेर गेलीय. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. जाऊ, बसवू, आणू."

"पेशंट बसून येणार?"

"येईल. दुपारी पायानं चालत गेलाय."

मी म्हटलं, "साहेब, चालत गेलेल्या माणसाला रात्री बाराला आणायला जातात होय? उसने दिलेले पैसे आहेत का त्याच्याकडे?"

एरवी हसला असता. हसला नाही. पेटी घेऊन व्हॅनकडे चालायला लागला.

पेशंट म्हणजे कोण, तर बायपासच्या वळणावरचा पंक्चरवाला. तुम्ही पोरी तेव्हा इथं नव्हतात, तुम्हाला माहीत असायचा नाही. वय बासष्ट. चार दिवसांपूर्वी हार्ट अटॅक आलेला. पण आला त्या दिवशी कुठं आला दवाखान्यात? दीड दिवस दुकानात बसून सोड्याची बाटली प्यायला. ॲसिडिटी आहे म्हणायचा. आणला तोवर हृदयाचा एक तुकडा मेला होता. मोठ्या डॉक्टरांनी शीर मोकळी केली, पण मेलेलं मांस कुणी जिवंत करतं का? ते मांस तिसऱ्या-चौथ्या दिवशी मऊ पडतं. ओल्या पुठ्ठ्यासारखं. तेव्हा खरी भीती असते. आणि नेमकं तेव्हाच पेशंटला बरं वाटतं. छातीत दुखायचं थांबलेलं असतं ना. ह्यालाही वाटलं. मंगळवारी सकाळपासून एकच घोशा, घरी सोडा, दुकान बंद आहे, गिऱ्हाईक तुटतंय. बायकोचं ऐकेना, पोराचं ऐकेना. मोठे डॉक्टर वैतागले. म्हणाले, बरं, इको बघू, इको चांगला आला तर जा.

इको चष्म्यानं केला.

आता ऐक, हे तुझ्यासाठी आहे. पेशंटला डाव्या कुशीवर घेतात ना? ह्याचा डावा खांदा टायर उचलून उचलून निकामी. कुशीवर झोपताच बोंबलायला लागला. मग चष्म्यानं उताणाच ठेवून बघितला. धुरकट दिसलं. बाहेर आणखी नऊ जण रांगेत. आणि रिपोर्टचं तुला माहीतच आहे. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या ओळी आधीच टाइप केलेल्या असतात. अमुक ठीक, तमुक ठीक, हृदयाभोवती पाणी नाही. जे बिघडलंय तेवढं बदलायचं, बाकी तसंच. ह्यानं दोन ओळी बदलल्या. 'पाणी नाही' तशीच राहिली. छापलं, सही ठोकली, पुढचा पेशंट.

डॉक्टरांनी कागद बघितला. पंक्चरवाला दुपारी दोनला घरी गेला.

आणि रात्री चष्म्या दिवसभराची चित्रं मोठ्या कॉम्प्युटरवर चढवत बसला होता. चढवता चढवता ह्याचं चित्र आलं. निवांत बसला होता म्हणून नीट बघितलं. हृदयाच्या मागच्या बाजूला एक काळी कड. सुताएवढी. सकाळी त्याला ती चरबी वाटली होती. चरबी नव्हती. रक्त होतं. म्हणजे हृदयाची भिंत कुठंतरी चिरली होती आणि बाहेरच्या पिशवीत थेंब थेंब झिरपत होतं. ती पिशवी काही सैल होत नाही. रक्तानं भरली की आतलं हृदय आवळलं जातं. त्याला उघडायलाच जागा राहत नाही.

पोराला फोन लावला. उचलेना. सात वेळा लावला.

हे सगळं त्यानं मला जाताना सांगितलं का? नाही. जाताना म्हणाला, एका फॉर्मवर सही राहिलीय. मी मनात म्हटलं, सहीला इकोची पेटी कशाला? पण बोललो नाही. बाकीचं तिथं, उभ्या व्हॅनमध्ये कळलं.

रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. थंडी मी म्हणत होती. बारा चाळीसला आम्ही वळणावर पोचलो. पुढे पत्र्याचं दुकान, मागे त्याचं दोन खोल्यांचं घर. दारात टायरची चळत, पंक्चर बघायची पाण्याची टाकी, भिंतीला लागून गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक. शटर अर्धं उघडं. बाहेरचा दिवा विझलेला, पण मागच्या खोलीत ट्यूब पेटलेली. उजेडाची पट्टी शटरखालून रस्त्यापर्यंत आलेली.

मी व्हॅन समोरच्या बाजूला लावली. चष्म्या पेटी घेऊन उतरला.

दोन गोष्टी सांगतो आता. मी काचेतून काय बघितलं ती एक, आणि त्यानं नंतर सांगितली ती एक. दोन्ही खऱ्या आहेत. जुळवायचं काम तुमचं.

आधी त्याची.

तो म्हणाला, बाकावर पंक्चरवाला बसला होता. बनियनवर. एवढ्या थंडीत. गुडघ्यांवर हात ठेवून, रस्त्याकडे बघत. कुणाची वाट बघतात तसा.

"काका, बाहेर कशाला बसलात? उठा. दवाखान्यात जायचंय."

"आलात," पंक्चरवाला म्हणाला. "बघा आता."

"तिथं गेल्यावर बघू. चला."

"इथंच बघा, साहेब. सकाळी घाईत होतात."

चष्म्याला झोंबलं. म्हणाला, "घाई तुम्हीच लावली होती ना? घरी सोडा, घरी सोडा..."

"लावली. गिऱ्हाईक घाई लावतंच. चाळीस वर्षं बघतोय. पण म्हणून ट्यूब पाण्यात न बुडवता चाक परत बसवलं, असं माझ्याकडून एकदाही झालं नाही."

आवाजात राग नव्हता म्हणे. हातोडीनं ठोकावं तसं नाही, समजावून सांगावं तसं.

चष्म्या बाकावर बसला. पेटी मांडीवर उघडली. पडदा पेटला. म्हणाला, "डाव्या कुशीला कलंडता येईल का थोडं? खांदा दुखेल..."

"आता नाही दुखत."

आणि कलंडला की. सहज. लहान पोर कलंडतं तसा.

जेल लावलं. मूठ छातीला टेकवली. छाती थंड होती. डिसेंबर आहे, उघडा बसलाय, असणारच. असं त्याला वाटलं. पडद्यावर चित्र आलं. सकाळी कितीही फिरवून मिळालं नव्हतं असं स्वच्छ. पेशंटचं नाव न भरताच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. बारा वाजून बावन्न मिनिटं.

काळी कड आता सुताएवढी नव्हती. बोटभर जाड. चारी बाजूंनी. आणि मधे हृदय, मुठीत धरलेल्या चिमणीसारखं. फडफडतंय. उघडता येत नाहीये.

"दिसलं?"

"दिसलं."

"कुठंय?"

"मागच्या भिंतीला. खाली."

"केवढं?"

"बारीक. काडीएवढी चीर."

"बारीकच असतं, साहेब. मोठं काय, रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं."

चष्म्यानं पडद्यावरून नजर काढली नाही.

"सकाळी होतं?"

...

"साहेब. सकाळी होतं का?"

"होतं."

पंक्चरवाल्यानं मान हलवली. म्हणाला, "मग आत जा. पोराला सांगा."

"काय सांगू?"

"दिसलं ते. तो आत बसलाय आणि एकच वाक्य घोकतोय. माझं त्याला ऐकू जात नाही. मी तासभर हाका मारल्या."

तेव्हा चष्म्याला कसंतरी झालं. इकोवाल्याची सवय असते ना, बोलता बोलता त्यानं मनगट धरलं. नाडी बघायला. दोन बोटं ठेवली. दाबली. सरकवून परत दाबली.

पडद्यावर ठोका पडत होता.

बोटांखाली काही नव्हतं.

पडद्यावर ठोका.

बोटांखाली...

हं. आता मी काय बघितलं ते. मी व्हॅनमध्ये, काच वर. समोर बाक. बाकावर चष्म्या एकटा. मांडीवर पेटी, तोंडावर पडद्याचा उजेड. डाव्या बाजूला वाकून बोलतोय. थांबतोय. मान हलवतोय. परत बोलतोय. आणि उजव्या हातातली मूठ अधांतरी. तिथं भिंत होती नुसती. मूठ आणि भिंत ह्यांच्या मधे वीतभर जागा. त्या वीतभर जागेत तो मूठ दाबत होता, आणि मूठ दाबली जात होती. पुढं जात नव्हती.

मला वाटलं, पोरगं कामानं पिसाटलं.

हसू नकोस सिस्टर. मीसुद्धा तेव्हा हसलोच होतो.

मग तो ताडकन उठला. पेटी धाडकन मिटली. पळत आला, मागचं दार उघडून पेटी मागच्या सीटवर टाकली, दार लावलं. मी विचारलं, "काय झालं? पेशंट कुठंय?"  वळला आणि शटरखालून वाकून आत गेला. एक वाजून पाच.

आत काय होतं ते ओळखलंत तुम्ही. त्यानंही ओळखलंच होतं. पण डोळ्यांनी बघायला लागतं माणसाला.

खोलीत जमिनीवर पंक्चरवाला. अंगावर पांढरी चादर. भिंतीला टेकून बायको. शेजारचे तिघंचौघं खाली मान घालून. पायांशी पोरगा. सव्वीस-सत्तावीसचा असेल. दुकान तोच बघायचा अर्धंअधिक.

शेजारी हळूच म्हणाला, "दहाला दहा कमी असताना गेले. इथंच, दुकानात."

पोरगा हलत होता. पुढे-मागे, पुढे-मागे. आणि तोंडात एकच. "मी मारलं. मी मारलं. मी मारलं."

झालं होतं असं. साडेनऊला एक ट्रकवाला आला. पोरगा टायर सोडवत होता. बाप आतून उठून आला, म्हणे, तुला जमत नाही, सरक, आणि पहार हातात घेतली. पोरगा भडकला. तीन रात्री दवाखान्यात उशाशी बसलेलं पोरगं, झोप नाही, जेवण नाही. पहार हिसकावली आणि ओरडला, "मरायचंय ना? मग मरा एकदाचे!"

बाप बाकावर बसला. दोन मिनिटं पोराकडे नुसता बघत राहिला. मग कलंडला.

शेवटचे शब्द तेवढेच. सगळ्या जन्मात बापाशी बोललेलं पुसलं जातं आणि तेवढेच उरतात.

चष्म्याला बघून पोरगा थांबला. उठला. त्याच्या दोन्ही हातांना धरून म्हणाला, "साहेब, तुम्ही सकाळी मशीन लावलं होतं ना? सगळं ठीक होतं ना?"



पोरानं उशाखालून फाइल काढली. रिपोर्ट काढला. "हे बघा. तुमचीच सही आहे. डॉक्टरसुद्धा म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे. म्हणजे बाबांच्या छातीला काही झालं नव्हतं. मी बोललो म्हणूनच गेले. हो ना? सांगा ह्यांना. हे सगळे म्हणतात, तुझी चूक नाही. कागद तर इथं आहे!"

पोरींनो, हे लक्षात घ्या. त्याचा तो चांगला रिपोर्ट होता ना, तोच पोराच्या गळ्याचा फास झाला होता.

आणि चष्म्या काय म्हणाला?

"धीर धरा," म्हणाला.

आणि बाहेर आला.

शिव्या द्या त्याला, मीही दिल्या नंतर. पण नोकरी असते. घरी दोन पोरं. खरं बोलायचं म्हटलं की आधी जीभ नाही, पोट आडवं येतं.

आता मधल्या वेळातलं माझं सांगतो. तो आत होता तेव्हाचं. मी एकटा व्हॅनमध्ये. काचा बंद. बाहेर चिटपाखरू नाही. आणि मागून आवाज यायला लागला.

हुश्श... हुश्श... हुश्श...

इकोच्या मशीनला तो आवाज असतो ना, रक्त वाहिल्याचा. मला वाटलं, पेटी चालूच राहिली. पण झाकण लावलं की ती बंद पडते, मला माहीत होतं. हजार वेळा मीच वाहिलीय ती.

हुश्श... हुश्श...

मी हात वर केला. आरसा फिरवला. छताकडे. मागचं दिसू नये म्हणून.

का, ते विचारू नका.

थंडी वाढली. माझ्या मानेवर. फक्त मानेवर.

तेवढ्यात चष्म्या आला. माझ्या शेजारी बसला. दार लावलं. घामानं डबडबलेला. "चला," म्हणाला.

मी किल्ली फिरवली नाही.

"काका, चला."

"साहेब, मागे आवाज येतोय."

त्यानं ऐकलं.

हुश्श... हुश्श...

तोंडावरचा रंग उडाला त्याच्या. मागे बघायला मान वळवली. अर्धी वळली. थांबली. मग परत सरळ केली आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसला. तिथं त्यानं मला सगळं सांगितलं. भरभर नाही. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला तो. काळी कड, तशीच सोडलेली ओळ, बाक, मनगट. आणि मधे मधे थांबत होता, कारण मागचा आवाज थांबत होता. दोन ठोके पडायचे आणि एक गाळायचा.

हुश्श... हुश्श...

...

हुश्श...

मी म्हटलं, "साहेब, माझं शिक्षण चौथी. मला हृदयातलं काय कळतं? पण मागे जो बसलाय तो दवाखान्यात जायला बसलेला नाही. तुम्ही जा."

"नोकरी जाईल, काका."

"जाईल."

"लोक मारतील."

"मारतील. मी मधे पडेन. जा."

तो उतरला. मीही उतरलो. मला काय व्हॅनमध्ये एकटं बसायचं होतं होय?

आत गेलो. पोरगा परत पायांशी. पुढे-मागे, पुढे-मागे. चष्म्या त्याच्या समोर जमिनीवर बसला. चष्मा काढून ठेवला. का काढला कोण जाणे. मारणार म्हणून असेल.

म्हणाला, "तो कागद खोटा आहे."

पोरगा थांबला.

"तुझ्या बाबांचं हृदय सकाळीच फाटलं होतं. चीर होती. रक्त झिरपत होतं. चित्रात दिसत होतं, मी नीट बघितलं नाही. घाई केली. तू काही बोलला नसतास तरी आज रात्री हेच झालं असतं. पहार उचलली नसती तरी झालं असतं. सकाळी मला दिसलं असतं तर... ऑपरेशन करता आलं असतं. वाचलेच असते असं नाही सांगत. पण संधी होती. ती माझ्या हातनं गेली. तुझ्या नाही."



"म्हणजे मी नाही?" पोरगा म्हणाला.

"नाही."

"मी बोललो त्यानं नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मी आत्ता..." आणि थांबला. आत्ता बघितलं, असं म्हणणार होता. म्हणाला, "मी चित्र बघितलंय. नक्की."

पोरानं त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. अशी, की आवाज बाहेर रस्त्यावर गेला असेल. मी पुढे झालो, पण दुसरी आली नाही. पोरगं त्याच चष्म्याच्या खांद्यावर पडलं आणि रडलं. दहापासून रडलंच नव्हतं म्हणे. साडेतीन तास नुसतं घोकत होतं. आता रडलं, बाबा, बाबा करत, मोठ्यानं, लहान पोर हरवल्यावर रडतं तसं.

बायको भिंतीपासून हलली नव्हती. ती चष्म्याकडे बघून म्हणाली, "तुला चपलेनं मारायला हवं."

"हो," तो म्हणाला.

"सकाळी असा बसला असतास शांत, तर माझा माणूस..." पुढचं तिला बोलवेना. पदर तोंडात कोंबला. मग शेजारणीला म्हणाली, "त्याला पाणी द्या. पडेल तो."

भिंतीवर घड्याळ होतं. माझं सहज लक्ष गेलं. एक वाजून अडतीस मिनिटं. पोराच्या थोबाडीला जेमतेम मिनिट झालं असेल.

आम्ही दोनला निघालो. व्हॅनमध्ये आवाज नव्हता. थंडी होती, पण डिसेंबरची. सगळीकडे सारखी. आरसा मी तसाच वर ठेवला. 

"मग? नोकरी गेली?" विचारतेस होय? नोकरी गेलीच. त्यानं सकाळी आठला स्वतः मोठ्या डॉक्टरांना लिहून दिलं. सहा महिने घरी बसला. आता दुसऱ्या गावात इको करतो. एका पेशंटला पाऊण तास लावतो. लोक बाहेर बसून त्याच्या नावानं खडे फोडतात. पंक्चरवाल्याच्या पोराचं लग्न झालं मागच्या वर्षी. दुकान चालवतोय. मी टायर तिथंच दाखवतो.

पण ते नंतरचं. त्या रात्रीचं अजून एक राहिलं.

सव्वादोनला इथं पोचलो. त्यानं पेटी मागच्या सीटवरून काढली. तुझ्याच टेबलावर नेऊन ठेवली. झाकण उघडलं. मी त्याच्या मागे उभा होतो, मला खोलीत एकट्याला जायचं नव्हतं. मशीन गरम होतं. बॅटरी संपत आलेली. पडद्यावर एक रेकॉर्डिंग दिसत होतं. सुरुवात बारा बावन्न.

चष्म्या म्हणाला, "बाकावरचं आहे. दोन-तीन मिनिटांचं असेल. पुसून टाकू?"

मग त्यानं लांबी बघितली.

पंचेचाळीस मिनिटं.

त्यानं ते सुरू केलं. आम्ही उभ्या उभ्या बघितलं. बाकावरचं चित्र. नंतर पेटी मिटल्यावरही चित्र. मागच्या सीटवर असतानाही चित्र. आवळलेलं हृदय, फडफडणारं. एकही क्षण तुटलेलं नाही. एकही क्षण हललेलं नाही. एखाद्यानं मूठ स्वतःच्या छातीला धरून ठेवावी, शांतपणे, वाट बघत, तसं.

आणि एक सदतीसला, पोराच्या रडण्याच्या वेळेला... तीन ठोके. सावकाश. मग काही नाही.

त्यानं मशीन बंद केलं. खुर्चीत बसला.  मग मला विचारलं, "काका, तुम्ही मागे बघितलं होतं का? एकदा तरी?"

मी म्हटलं, "आरसा वर केला होता मी."

"चित्र यायला छाती लागते, काका," तो म्हणाला. "मूठ छातीला टेकल्याशिवाय पडदा काळाच राहतो."

*

काकांचं सांगून झालं. चहा गार झाला होता. सिस्टर उठेनात. इकोवाल्या पोरीनं विचारलं, "ते रेकॉर्डिंग आहे का अजून?"

"मशीन तुझ्याकडे आहे," काका म्हणाले.

ती उठून गेली. मी पाठोपाठ गेले. एकटी कशी सोडायची? तिनं लहानी पेटी उघडली, जुनी यादी काढली, खाली खाली सरकवत गेली. सापडलं. डिसेंबर. बारा बावन्न ते एक सदतीस. इको करणाऱ्याचं नाव जिथं असतं तिथं चष्म्याचं नाव होतं. पेशंटच्या नावाची जागा त्यानं घाईत भरली नव्हती म्हणून कोरी असायला हवी होती. कोरी नव्हती.

तिथं लिहिलं होतं: 'पोराला सांगितलं.'